डिस्चार्जच्या कागदावरचा पत्ता

१९८९ मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने एक निवेदन काढलं. यकृताची बायोप्सी झालेल्या रुग्णाला त्याच दिवशी घरी पाठवायला हरकत नाही, मात्र काही अटी पाळून, असा त्याचा आशय होता. त्यातल्या दोन अटी मला फार महत्त्वाच्या वाटतात. त्रास सुरू झाला तर रुग्णाला अर्ध्या तासाच्या आत त्याच हॉस्पिटलात परत येता आलं पाहिजे, ही एक. आणि त्या पहिल्या रात्री त्याच्याजवळ भरवशाचं माणूस असलं पाहिजे, ही दुसरी. तेव्हापासून तंत्र बरंच पुढे गेलं. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई घालतात, सुयाही सुधारल्या. पण या दोन अटी चुकीच्या होत्या असं कुठल्या डॉक्टरने म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आपल्याकडे त्या कोणी मोजत बसत नाही, इतकंच.

मोजायला बसलं तर काय दिसतं? मध्य रेल्वेच्या हिशेबात सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४. अवघड आजार झाला की या पट्ट्यातल्या माणसाचं तोंड आपोआप परळकडे वळतं. केईएम तिथे १९२६ पासून आहे, टाटा १९४१ पासून. आता मुलुंड-ठाण्यात मोठी खाजगी हॉस्पिटलं झाली, त्यामुळे नौपाड्यातल्या माणसाला अर्ध्या तासाची अट पुष्कळदा पाळता येते. खाडीपलीकडच्या माणसाला ती पाळता येईल की नाही, हे मुंब्रा बायपास, शीळफाटा आणि लोकलचं वेळापत्रक यांच्या मर्जीवर आहे. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर होती. त्यानंतर किती टॉवर उठले ते आपण खिडकीतून पाहतोच आहोत.

बायोप्सीनंतर रुग्णाला किती वेळ ठेवायचं हे आपल्याकडे घड्याळ पाहून ठरतं. चार तास झाले, नाडी-बीपी ठीक आहे, निघा. माझं म्हणणं असं की ते रुग्णाचा पत्ता पाहून ठरावं. केस पेपरवर सगळ्यात वर पत्ताच असतो, आणि उपचाराच्या निर्णयात तो कुणी वाचत नाही.

आधी या तपासणीत होतं काय, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘सुईचीच तर तपासणी’ या शब्दांनी दोन्ही बाजूंनी घोळ होतो. काहींना ती रक्त काढण्याइतकी क्षुल्लक वाटते आणि काहींना ‘सुई लावली की पसरतं’ या धास्तीने ती नकोच असते. उजव्या बरगड्यांच्या फटीतून, श्वास सोडून रोखून धरायला सांगून, सुई आत जाते आणि दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा, धाग्यासारखा तुकडा घेऊन बाहेर येते. इटलीतल्या मेंघिनी यांनी १९५८ मध्ये आपल्या पद्धतीचं वर्णन ‘एका सेकंदाची बायोप्सी’ असं केलं होतं, आणि सुई यकृतात असण्याचा काळ खरोखर तेवढाच असतो. तो तुकडा म्हणजे सबंध यकृताचा साधारण पन्नास हजारावा भाग. ज्यांच्या पोटात पाणी झालंय किंवा रक्त नीट गोठत नाही, त्यांच्या बाबतीत मानेच्या शिरेतून आतल्या आत यकृतापर्यंत जातात, म्हणजे रक्त आलंच तर ते शिरेतच राहतं.

यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. कळते ती त्याच्या आवरणाला. म्हणून भूल उतरल्यावर बरगडीखाली दुखतं, आणि पुष्कळांच्या उजव्या खांद्यात कळ येते. पोटाला सुई आणि दुखतोय खांदा, यामुळे माणसं हादरतात. कारण साधं आहे: यकृतावरच्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच ठिकाणच्या मज्जातंतूंनी वर जाते, त्यामुळे मेंदूचा पत्ता चुकतो. हे दुखणं बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरतं. हे आधी सांगायला अर्धं मिनिट लागतं आणि न सांगितल्याने घरी एक सबंध संध्याकाळ घाबरण्यात जाते.

खरा धोका रक्तस्रावाचा. त्याचं प्रमाण खूपच कमी आहे. पोटात लक्षणीय रक्तस्राव साधारण अडीच हजार ते दहा हजारांत एकाला होतो, आणि मृत्यू दहा हजारांत एक किंवा त्याहून कमी. पण तो होतो केव्हा, हे इथे महत्त्वाचं. इटलीत १९८६ मध्ये ६८,२७६ बायोप्सींचा आढावा प्रसिद्ध झाला. गुंतागुंत झालेल्यांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना ती पहिल्या दोन तासांत झाली, दहा तासांपर्यंत हा आकडा ८२ वर गेला आणि चोवीस तासांत ९६ वर. म्हणजे हॉस्पिटलातले दोन-चार तास मोठा धोका टिपतात, यात वाद नाही. पण त्या आकड्यांची शेपटी रात्रीत जाते, आणि ती रात्र रुग्ण कुठे घालवतो हा वैद्यकशास्त्राचा नसून नकाशाचा प्रश्न होऊन बसतो.

सकाळी दहाला परळमध्ये सुई लागली असं धरा. उजव्या कुशीवर झोपवलं, पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि बीपी पाहिलं, मग दर अर्ध्या तासाने. दुपारी तीनला पेज किंवा इडली, चारला कागद हातात. ‘आज प्रवास नको, जड उचलू नका, आराम करा.’ प्रवास नको म्हणणाऱ्याला ठाऊक असतं की माणूस डोंबिवलीला जायचाय. पण प्रवास नको म्हणजे काय करायचं, हे त्या कागदावर नसतं. साडेपाचला परळहून दादर आणि दादरहून कर्जत-कसाऱ्याच्या फास्टमध्ये शिरणं काय असतं, हे इथल्या वाचकाला मी सांगायला नको. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि चार जणांनी त्याच दिवशी जीव गमावला. ती सगळी धडधाकट माणसं होती. बरगडीखाली बोटभर पट्टी लावलेल्या माणसाला कोणी उठून जागा देणार नाही, कारण तो आजारी दिसतच नाही. दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णाला बसता येतं. यालाही कदाचित बसता येईल, पण ते रिपोर्ट आल्यावर!

टॅक्सी केली तर पूर्व द्रुतगती मार्ग ठाण्यापर्यंत बरा. पुढे मुंब्रा बायपास, शीळफाटा, कल्याण-शीळ रस्ता, आणि संध्याकाळच्या वेळी दोन तास म्हणजे कमीच. पावसाळ्यात खड्डे. गतिरोधकावर गाडी आपटली की बरगडीखालची कळ सांगते, मी इथेच आहे. कल्याणच्या लोकांना तर आठवत असेल: जुना पत्रीपूल २०१८ च्या नोव्हेंबरात पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. मधली दोन वर्षं कल्याणमधला अर्धा तास कुठल्याही डॉक्टरने कागदावर लिहून देण्याच्या लायकीचा नव्हता.

शेवटी घर. डोंबिवली पूर्वेला तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, अशा इमारती अजून पुष्कळ आहेत. तीन जिने चढून माणूस कॉटवर पडतो. रात्री एक वाजता पोट ताठ होतं, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आता काय? शेवटची लोकल गेलेली. १०८ ला फोन केला तर ती जवळच्या हॉस्पिटलात नेईल, आणि तेच बरोबर आहे. पण जवळच्या हॉस्पिटलात फाइल उलटून पाहिली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘जिथे केलंय तिथेच न्या.’ ते बोलणाऱ्याला मी पूर्ण दोष देत नाही. अशा वेळी लागतं काय? सोनोग्राफी, गटाचं रक्त, शल्यचिकित्सक, आणि कधीकधी शिरेतून नळी घालून रक्तस्राव बंद करणारा रेडिओलॉजिस्ट. हा सगळा जमाव रात्री एक वाजता फार थोड्या ठिकाणी असतो. कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर ही महापालिकेची मोठी रुग्णालयं. तिथून गंभीर रुग्ण पुढे पाठवला जाणं हे या शहरांच्या इतकं अंगवळणी पडलंय की त्याबद्दल आता कोणी बोलतही नाही.

यावर मिळणारं उत्तर मला माहीत आहे, आणि ते सहज बाजूला सारण्यासारखं नाही. दहा हजारांत एकासाठी बाकीच्या सगळ्यांना रात्रभर खाट द्यायची? खाटा आहेत कुठे? २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटलात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले, तेव्हा सगळ्या जिल्ह्याचा भार एका हॉस्पिटलावर पडतो ही गोष्ट सगळ्यांनीच मान्य केली. अशा ठिकाणी बायोप्सी झालेल्या, चालत्या-बोलत्या माणसाने खाट अडवावी का?

अडवू नये. मी सरसकट सगळ्यांना ठेवा म्हणत नाही. ज्याचं घर दादरला आहे त्याला चार तासांनी खुशाल सोडा. ज्याचं घर टिटवाळ्याला आहे त्याला ठेवा, किंवा त्याला अर्ध्या तासाच्या टापूत राहायला लावा. वैद्यकीयदृष्ट्या परळच्या बहिणीच्या घरातली चटई ही टिटवाळ्याच्या पलंगापेक्षा सुरक्षित आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना कितीतरी वर्षं आसरा देते आहे. उपचाराच्या जवळ राहणं हाही उपचाराचा भाग आहे, हे आपल्याकडे शाळा न शिकलेल्या एका माणसाने ओळखलं होतं. हॉस्पिटलांनी एका रात्रीच्या मुक्कामाची सोय, मग ती साध्या हॉलमधली का असेना, बायोप्सीच्या वेळापत्रकाला जोडायला काय हरकत आहे?

याहून सोपा मार्ग मात्र वेगळाच आहे. सुई ठाण्यात किंवा कल्याणमध्ये लावा आणि तुकडा परळला पाठवा. फॉर्मॅलिनच्या बाटलीतल्या तुकड्याला गर्दीचा त्रास होत नाही. मेणाच्या ठोकळ्यात बसवल्यावर तर तो वर्षानुवर्षं टिकतो. यकृताचा तुकडा वाचणं हे खास कौशल्याचं काम आहे आणि त्यातले जाणकार मोजके आहेत, हे मान्य. तुकडा पुरेसा लांब हवा, त्यात पोर्टल ट्रॅक्ट नावाची ठिकाणं दहा-अकरा तरी दिसायला हवीत, वेगवेगळे रंग चढवून तो पाहावा लागतो. पण त्या जाणकारासमोर ठोकळा हवा असतो, रुग्ण नको असतो. आपल्या रक्ताच्या नळ्या डोंबिवलीतल्या गल्लीतल्या कलेक्शन सेंटरमधून बाइकवरच्या मुलाच्या पाठीवर बसून मुंबईला जातात, तेव्हा आपण रक्ताबरोबर जातो का? सोनोग्राफीखाली सुई घालू शकणारे रेडिओलॉजिस्ट ठाणे-कल्याणमध्ये आहेत. कमी आहे ती हे काम वाटून घेण्याची रीत, आणि रात्री काही झालं तर हात वर न करण्याची तयारी.

दुसरी अट, भरवशाच्या माणसाची. ही वाचायला सोपी वाटते, कारण आपण स्वतःला कुटुंबवत्सल समजतो. पण डोंबिवलीत घराघरांतून मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात गेली आहेत आणि मागे सत्तरीची दोघं आहेत. त्यातल्या एकाची बायोप्सी झाली तर दुसऱ्याने रात्रभर जागायचं, तेही स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीसह. जिथे माणसं आहेत तिथेही भरवशाचं म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. बायकोला सांगतात, ‘लक्ष ठेवा.’ कशावर? रक्तस्रावाची पहिली खूण बहुधा नाडी असते; बीपी नंतर पडतं. मनगटावर तीन बोटं ठेवून मिनिटभर मोजणं कोणालाही शिकवता येतं. नाडी चढत चाललीय, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय, उभं राहिल्यावर चक्कर येतेय, तर सकाळची वाट पाहायची नाही. ताप आणि थंडी वाजली तरी नाही. आणि एक उशिराची खूण, जी चार-पाच दिवसांनीही येऊ शकते: पोटात कळ, डोळे पिवळे आणि शौच डांबरासारखं काळं. पित्तनलिकेत रक्त उतरत असलं की असं होतं. तोवर बायोप्सी सगळे विसरून गेलेले असतात आणि ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल’ यावर निभावून नेतात.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्या घराघरांच्या खणात कॉम्बिफ्लॅमची पट्टी असते. दुखलं की ती निघते. तिच्यात आयबुप्रोफेन आहे आणि आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या जातीची औषधं रक्त गोठण्याच्या कामात अडथळा आणतात. म्हणूनच बायोप्सीच्या आधी काही दिवस ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करायला लावतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेत, हे मराठीत ठळक लिहून दिलं तर एक धोका फुकटात टळतो. इंग्रजीत छापलेला डिस्चार्जचा कागद हा घरच्यांसाठी नसतोच. तो पुढच्या डॉक्टरसाठी असतो. मग निदान त्याच्यासाठी तरी तो पूर्ण असावा: सुई किती वाजता, कुठून, किती वेळा घातली, निघताना हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, रात्री कोणाला फोन करायचा. एवढं असेल तर ‘तिथेच न्या’ म्हणणाऱ्याला निदान सलाइन आणि सोनोग्राफी सुरू करायचा धीर येईल.

आता आराम. आठवडाभर जड उचलू नका, एक-दोन दिवस कामावर जाऊ नका, हे ऐकायला अगदी माफक आहे. कागदावर ती रजा आहेही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ रजेची तरतूद आहे. कामगार राज्य विम्यात असलेल्याला आजारपणात पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. पण कलम नीट वाचलं तर आजारपणाचे पहिले दोन दिवस त्यात धरले जात नाहीत. लागोपाठच्या आजारालाच त्यातून सूट. बायोप्सीनंतर कामावर जायचं नसतं ते नेमके हेच दोन दिवस! खाजगी आरोग्य विम्याची तऱ्हा याहून न्यारी. एकीकडे सर्वसाधारण नियम चोवीस तास दाखल असण्याचा, डे-केअरची यादी सोडून. दुसरीकडे निव्वळ तपासणीसाठी दाखल होणं हे पॉलिसीच्या प्रमाणित अपवादांमध्ये. म्हणजे शरीराला ज्या चोवीस तासांची गरज आहे, ते चोवीस तास पॉलिसीला ‘निव्वळ तपासणी’ वाटू शकतात. इटलीतला आढावा आणि आपली पॉलिसी यांत चोवीसचा आकडा सारखा निघावा, हा योगायोग आहे. त्याचा रुग्णाला उपयोग मात्र शून्य.

शेअर रिक्षा चालवणारा, एमआयडीसीत ठेकेदाराकडे पोती उचलणारा, चार घरी पोळ्या लाटणारी बाई यांच्या बाबतीत तर कलम वाचण्याचाही प्रश्न नाही. त्यांना ‘जड उचलू नका’ सांगणं म्हणजे कमवू नका सांगणं. घरातल्या बाईला तर कामावरून सुट्टी मिळाली तरी पाण्याच्या बादलीपासून मिळत नाही. ती दुसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभी असते आणि सगळ्यांना वाटतं, बरी झाली.

इथे कोणी म्हणेल, बायोप्सीच कमी करा ना. ती कमी होतेच आहे आणि व्हायलाही हवी. यकृताचा ताठरपणा बाहेरून मोजणारं फायब्रोस्कॅन २००३ पासून वापरात आलं. वय, रक्तातले दोन एन्झाइम आणि प्लेटलेट यांच्या साध्या गणितावरून कोणाला पुढची तपासणी लागेल याचा अंदाज येतो. फॅटी लिव्हर इतकं पसरलंय की केंद्र सरकारने २०२१ मध्ये ते असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. त्यातल्या बहुतेकांना सुईची गरज पडणार नाही. यकृतातली गाठ कर्करोगाची आहे की नाही हेही पुष्कळदा सीटी-एमआरआयवर ठरतं. ‘पसरतं’ या भीतीत तथ्याचा कण आहे, सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत. पण त्या थोड्या आहेत आणि म्हणूनच डॉक्टर अशा गाठीत सुई विचार करूनच घालतात. या सगळ्यातून शिल्लक राहतात ती खरोखर अवघड माणसं: ज्यांच्या काविळीचं कारण सापडत नाही, ज्यांचं शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटलंय, ज्यांच्या प्रत्यारोपित यकृताचं काहीतरी बिनसलंय. म्हणजे संख्या घटेल तसा उरलेल्यांचा धोका वाढेल. ‘आता थोड्याच होतात’ हे त्यांच्या रात्रीकडे दुर्लक्ष करण्याचं कारण होऊ शकत नाही.

आणि या तपासणीतून काय हाती लागू शकतं, याचं आपल्याच घरातलं उदाहरण आहे. भारतीय बालकांना होणारा एक सिरॉसिस होता. वर्ष-दोन वर्षांची मुलं, पोट फुगलेलं, यकृत दगडासारखं, आणि बहुतेक काही महिन्यांत दगावायची. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलात आनंद पंडित, शीला भावे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी टॅनर यांनी या मुलांचा माग काढला. त्यांच्या यकृताच्या तुकड्यांत तांबं प्रमाणाबाहेर साठलेलं दिसायचं. मग प्रश्न आला, दुधावरच्या बाळाच्या पोटात तांबं येतं कुठून? १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी बोट ठेवलं ते तांब्या-पितळेच्या भांड्यांवर, ज्यांत लहान वयातच वरचं दूध तापवून, साठवून पाजलं जात होतं. कल्हई असलेल्या आणि नसलेल्या भांड्यातला फरक आपल्या आज्यांना ठाऊक होता. तो मुलाच्या यकृतापर्यंत जातो हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. पुढे स्टीलची भांडी आली, सल्ला पोचला आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. या आजारातली सुधारणा वॉर्डात झाली नाही, ओट्यावर झाली. म्हणून मला बायोप्सीनंतरचं घर हे बायोप्सीच्या खोलीइतकंच वैद्यकीय ठिकाण वाटतं.

ओट्यावर बिघाडही होतो, तोही अलीकडचा आहे. करोनाच्या पहिल्या वर्षात घरोघर काढे उकळले गेले. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली: गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेली, तुकड्यात स्वयंप्रतिकारक आजारासारखी चिन्हं, त्यातली एक स्त्री वाचली नाही. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला, वनस्पतीच्या ओळखीबद्दल शंका उपस्थित केली. तो वाद तज्ज्ञांनी लढावा. मला दिसतं ते वेगळंच आहे. यकृताचा तुकडा काढला की दुसऱ्या दिवसापासून नातेवाईक डबे घेऊन येतात: हा काढा, हे चूर्ण, हे ‘लिव्हर साफ करणारं’. रिपोर्ट यायचा आहे, कारण सापडायचं आहे, आणि ज्याच्यावर संशय आहे तेच पुन्हा पोटात चाललंय. रिपोर्ट हाती येईपर्यंत डॉक्टरला न दाखवलेलं काहीही पोटात जाऊ नये, एवढा तरी नियम घराने पाळावा. यात आयुर्वेदाचा अपमान नाही. ॲलोपॅथीच्या दहा औषधांनाही हाच नियम आहे. क्षयाच्या गोळ्यांनी यकृत सुजल्याची उदाहरणं कोणत्याही सरकारी हॉस्पिटलात मिळतील.

या थांबण्याच्या दिवसांत माणूस आणखी एका गोष्टीने थकतो: जिन्यात भेटणाऱ्यांच्या नजरेने. लिव्हर म्हटलं की प्रश्न ठरलेला, ‘घेत होते का?’ दारूने यकृत बिघडतं हे खरंच, पण हिपॅटायटिस बी, सी, मधुमेहासोबतची चरबी, औषधं, स्वतःवर उलटलेली प्रतिकारशक्ती, जन्मजात दोष, ही सगळी कारणं त्याच सुईखाली येतात. कधी थेंबालाही न शिवलेली बाई आपल्या बायोप्सीला ‘पोटाचं छोटं ऑपरेशन’ म्हणते, कारण खरं सांगितलं तर नवऱ्याकडे किंवा तिच्याकडे बोट दाखवलं जाईल. आणि समजा, पीत असेल एखादा. तर त्याला रात्री नाडी मोजणारं माणूस नको का? उलट त्यालाच जास्त हवं. लपवलेल्या आजाराला भरवशाचं माणूस मिळत नाही, कारण शेजाऱ्याला किल्ली देऊन ‘रात्री हाक मारली तर या’ म्हणायला आधी काय झालंय ते सांगावं लागतं. डोंबिवलीच्या जुन्या इमारतींत अजून एक गोष्ट शाबूत आहे: बेल वाजवली तर दार उघडतं. ती वापरायला लाज वाटावी असं या आजारात काही नाही.

तेव्हा तुमच्या घरात कोणाची बायोप्सी ठरली असेल, तर तारीख घेतानाच डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. आम्ही डोंबिवलीला, कल्याणला, बदलापूरला राहतो. रात्री एक वाजता पोटात कळ आली तर कुठे जायचं? आणि त्या ठिकाणी तेव्हा रक्त आणि सोनोग्राफी मिळेल का? उत्तर ‘काही होत नाही हो’ असं आलं, तर प्रश्न पुन्हा विचारा. नावानिशी, फोन नंबरासकट उत्तर मिळाल्याशिवाय संमतिपत्रावर सही करू नका.